दुसरं बटण, पांढऱ्या दोऱ्याचं

आमच्या काकांनी आयुष्यात एकच सिनेमा सव्वीस वेळा पाहिला, आणि सव्वीसच्या सव्वीस वेळा चुकीचा पाहिला. हे मला कळलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, आणि कळून काडीचा उपयोग नव्हता.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. धंद्यानं शिंपी, आणि तेही फक्त कोटांचे. शर्टाला हात लावत नाहीत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आहे. एक लांब टेबल, पायाचं मशीन, वजनदार इस्त्री आणि खिडकीशी एक बिनडोक्याचं लाकडी धड, ज्याला ते 'साहेब' म्हणतात. तोंडात कायम टाचण्या. त्यामुळे ते ओठांच्या कोपऱ्यातून बोलतात आणि रागावले तरी ओरडू शकत नाहीत. लग्न केलं नाही. मी काटकुळी होते आणि टोचून बोलायचे म्हणून मला 'सुई' म्हणतात, आणि माझ्या आईला 'सुईची आई'. माणूस ते खांद्यांवरून ओळखतात. ज्याचा एक खांदा पडलेला, तो ठरल्या दिवशी कोट न्यायला येत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि वैताग असा की ते बहुतेक वेळा खरं निघतं.

तो सिनेमा हेरगिरीचा. त्याला नाव आहे, पण आमच्या घरात ते कुणी घेत नाही. 'तो सिनेमा' म्हटलं की झालं. बत्तीस वर्षांपूर्वी तो आमच्या गावच्या एकुलत्या एक थिएटरात लागला आणि अकरा आठवडे चालला. त्यातला हेर एका सरकारी कचेरीत कारकून असतो, म्हणून काका त्याला 'कारकून' म्हणतात, आणि असं म्हणतात की जणू पलीकडच्या गल्लीत राहतो. मारामारी नाही, गाड्यांचा पाठलाग नाही. बंदूक एकदाच दिसते, तीही टेबलाच्या खणात, आणि खण लगेच बंद होतो. कारकून गुप्त निरोप कोटाच्या अस्तरात शिवून नेतो. अस्तर उसवायचं, कागद आत सरकवायचा, पुन्हा शिवायचं. सात मिनिटं पडद्यावर एवढंच चालतं. बाकीचं थिएटर जांभया देत असताना आमचे काका खुर्चीच्या टोकावर आलेले असत.

"तो नट नव्हेच," ते अजूनही सांगतात. "बोट बघ त्याचं, सुई कशी ढकलतो. कुणी शिंपी धरून आणून उभा केलाय."

त्यांचं सिनेमाचं कौतुक हे असं. संगीत कसं होतं विचारा, आठवणार नाही. कारकुनाच्या साहेबाचा कोट पाठीवर ओढला जातो, म्हणजे तो उसना आहे, म्हणजे साहेबही खरा साहेब नाही, हे त्यांनी तिसऱ्या खेळाला ओळखलं होतं. "हेर म्हणजे अस्तर," ते म्हणतात. "दिसत नाही. पण नसलं तर कोट अंगावर बसत नाही." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की ते सुरू झालं की मी पुढचं पुरं करते, आणि ते ओठाच्या कोपऱ्यातून हसतात.

आता शेवट सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. काकांनी पाहिलेला शेवट असा. धुक्यात कारकून बोटीत चढतो. पैलतीरावर बोट रिकामी लागते, तिच्यातून कुणीच उतरत नाही. त्याची बायको कचेरीत चौकशीला जाते, तर ते म्हणतात, या नावाचा माणूस इथे कधी कामालाच नव्हता. सगळं संपलं असं वाटतं. आणि मग दार वाजतं आणि कारकून घरी येतो. कोटाचं दुसरं बटण तुटलेलं. बायकोला काळा दोरा सापडत नाही म्हणून ती ते पांढऱ्या दोऱ्यानं शिवते, फुलीचा टाका घालून. तो कोट चढवतो, एक दार उघडून पलीकडे जातो. शेवटी बायको टेबलाशी बसलेली, पुढ्यात चहाचे दोन कप, तिची नजर त्या दाराकडे. समाप्त.

"तोंड धुवायला गेलाय तो," काका मला सांगत. "आता येईल आणि चहा घेईल."

"तोंड धुवायला कोट घालून कोण जातं?" मी सात-आठ वर्षांची असताना विचारलं होतं.

"थंड मुलुखातली माणसं जातात," ते म्हणाले होते.

त्या सिनेमात काकांना एकच चूक दिसायची. बोटीत चढताना कारकुनाचा हात छातीवर जातो आणि क्षणभर दुसरं बटण जवळून दिसतं. ते तिथेच पांढऱ्या दोऱ्याचं आहे. म्हणजे जे बटण पुढे तुटून पांढऱ्या दोऱ्यानं शिवलं जाणार, ते आधीच पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं. "कपडेपटवाल्याचा हलगर्जीपणा," काका म्हणत. "एवढी एक चूक. बाकी सोनं." सव्वीस वेळा त्यांना ती चूक दिसली आणि सव्वीस वेळा त्यांनी ती मोठ्या मनानं पोटात घातली.

माझे वडील तो सिनेमा त्यांच्याबरोबर अकरा वेळा पाहून आले होते. त्याच वर्षी माझ्या आई-वडिलांचं लग्न झालं होतं. बाराव्या वेळी दोघे भाऊ नव्या नवरीलाही घेऊन गेले. घरी येताना वाटेत दोघांनी मिळून तिला शेवट समजावून सांगितला, हेही मी ऐकलेलं आहे. तेव्हापासून काकांनी एक पद्धत धरली. घरच्या माणसांच्या कोटाचं दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्यानं, फुलीच्या टाक्यानं. गिऱ्हाइकांच्या नाही, ती तक्रार करतात. माझ्या शाळेच्या कोटालाही तेच. शाळेत पोरी हसायच्या आणि मी घरी येऊन आदळआपट करायचे. "घरी परत येणाऱ्याचं बटण आहे ते," काका म्हणायचे, आणि तिथे माझी बोलती बंद व्हायची, कारण तोवर वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

वडील वायरमन होते. मी पाच वर्षांची असताना त्यांना मालवाहू बोटीवर काम मिळालं. जायच्या दिवशी काकांनी त्यांचा काळा कोट पुन्हा लाकडी साहेबाच्या अंगावर चढवला आणि दुसरं बटण नव्यानं घट्ट केलं. दोन वर्षं पत्रं आली. मग थांबली. काका कंपनीच्या कचेरीत जाऊन बसले, तर तिथल्या बाईंनी यादी वर-खाली करून सांगितलं की या नावाचा माणूस त्यांच्या बोटीवर नाही. आधीही नव्हता.

दुसरा कुणी असता तर त्याचे हातपाय गळाले असते. काका घरी आले ते जवळजवळ खुशीत. "तसंच म्हणाले," त्यांनी आईला सांगितलं. "अगदी शब्दाला शब्द. कचेरी असंच म्हणत असते. म्हणून काय माणूस यायचा राहतो?"

वडिलांना जाऊन आता चोवीस वर्षं झाली. काका थांबलेले आहेत, आणि म्हणून आम्हालाही थांबावं लागलं. पाच वर्षांपूर्वी आई वकीलबाईंकडे गेली. तिला काही मिळवायचं नव्हतं. "कुठलाही फॉर्म भरायला घेतला की विवाहित का विधवा विचारतात," ती म्हणाली. "माझं पेन तिथे थांबतं. रांगेतली मागची माणसं खोकायला लागतात." कोर्टानं वडिलांना मृत धरावं म्हणून एक प्रतिज्ञापत्र तयार झालं. बेपत्ता असल्याची तक्रार काकांनी दिली होती, म्हणून सही त्यांचीच हवी होती. आईनं कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. काकांनी तो वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवून खण बंद केला. आई दर वर्षी एकदा विचारायची. ते दर वर्षी म्हणायचे, "बघू." मला दोघांचाही राग यायचा. त्यांचा 'बघू' म्हणतात म्हणून, आणि हिचा ही ऐकून घेते म्हणून.

एवढ्यात तो सिनेमा परत आला. थिएटर कधीच पाडलं गेलं होतं, पण कॉलेजच्या सभागृहात एक फिल्म क्लब चालतो, तिथे रविवारी सकाळी दहाला 'जुन्या प्रतीवरून नव्यानं स्वच्छ केलेला' तो सिनेमा दाखवणार होते. काकांनी सोमवारीच स्वतःचा कोट इस्त्री करून ठेवला. सत्तर वर्षांचा माणूस आठवडाभर शीळ घालत होता, तीही तोंडात टाचण्या ठेवून.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळे तपासायचे, नंबर काढायचे. बुधवारी आमच्याकडे थिएटरचा जुना ऑपरेटर आला. ऐंशीचा म्हातारा, पण डोळा शाबूत. त्यानं यंत्रावर हनुवटी टेकली आणि मी भिंगं बदलता बदलता त्याला सांगितलं, "रविवारी तो सिनेमा आहे. तुम्ही पण या ना. काकांना इतका आनंद होईल."

"कुठला? तो बोटवाला?" तो हनुवटी न हलवता म्हणाला. "तो आम्ही उलटा दाखवला होता."

"म्हणजे?"

"शेवटाकडची दोन रिळं. बारावं आणि तेरावं. शेवटचं चौदावं, दोन कपांचं, तेवढं जागेवर होतं. आधीच्या गावाहून डबे आले तेव्हा झाकणं बदललेली होती. मी झाकणावरचा आकडा बघून लावलं. दुसऱ्या दिवशी फिल्मवरचा आकडा बघितला तेव्हा कळलं. गेलो मालकाकडे. मालक म्हणाले, लोक हसत घरी जातायत, आहे तसंच राहू दे. अकरा आठवडे तसंच चालवलं."

माझ्या हातातलं भिंग तसंच राहिलं. "मग खरं काय आहे?"

"खरं काय असणार? आधी घरी येतो, बायको बटण लावून देते, मग बोटीत जातो. गेला तो गेलाच." मग तो म्हणाला, "हे डावीकडचं धूसर दिसतंय."

मी त्याचा नंबर दोनदा चुकवला. डोक्यात बटण फिरत होतं. बोटीवर दिसलेलं पांढऱ्या दोऱ्याचं बटण. कपडेपटवाला बिचारा निर्दोष होता. सिनेमात चूक नव्हतीच. ती एक गोष्ट सव्वीस वेळा ओरडून खरं सांगत होती, आणि गावात ती ज्याला दिसू शकेल असा एकच माणूस होता. त्याला ती दिसली, आणि त्यानं तिला माफ करून टाकलं.

बुधवार ते शनिवार मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. काकांना म्हटलं, सभागृहात फार गार असतं. ते म्हणाले, "म्हणून तर कोट." म्हटलं, खुर्च्या लाकडी आहेत. त्यांनी उशी काढून ठेवली. मग खरं सांगायचं ठरवून तीनदा त्यांच्या टेबलापाशी गेले. एकदा ते म्हणाले, "सुई, ये, हे टोक धर," आणि मी कापडाचं टोक धरून उभी राहिले. काय सांगणार होते? तुमचा भाऊ आता येणार नाही, हे? ते तर मी रागाच्या भरात दहादा बोलून चुकले होते, आणि त्यानं काहीच झालं नव्हतं. माझ्या शब्दांना ते भीक घालत नसत. सिनेमाचं मात्र ऐकणार होते. मला त्याचीच धास्ती होती.

शेवटी शनिवारी स्वयंपाकघरात आईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. रिळं, झाकणं, मालक, सगळं ऐकून घेतलं. सुरी थांबली नाही.

"जाऊ दे त्यांना," ती म्हणाली. "अडीच तास बसतील, घरी येतील."

"तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

"काय वाटून घेऊ?" तिनं विचारलं आणि चिरलेलं सगळं पातेल्यात लोटलं.

रविवारी आम्ही तिघं गेलो. आईही निघाली, याचं मला आश्चर्य वाटलं. पंचवीस-तीस माणसं होती. काका मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. अस्तर शिवायचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली, टाका-टाका मोजल्यासारखी. पडदा इतका स्वच्छ होता की सुईचं नाकसुद्धा दिसत होतं. "बघ," ते कुजबुजले, "मी म्हटलं नव्हतं? शिंपीच आहे." मी मनात म्हणत होते की वीज जाऊ दे. गेली नाही.

मग दार वाजलं आणि कारकून घरी आला. बटण तुटलेलं.

"चुकलं," काका म्हणाले. आधी हळू. मग उठून उभे राहिले आणि मागे वळून, अगदी नम्रपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, जरा थांबवा. रिळं चुकलीयत. आधी बोट आहे."

क्लबच्या सेक्रेटरीबाई वाकून वाकून आमच्या रांगेशी आल्या. "आजोबा, यात रीळ नसतंच. कॉम्प्युटरवर एकच अख्खी फाइल आहे. चुकायचा प्रश्नच येत नाही."

"पण आधी बोट आहे," काका म्हणाले.

कुणीतरी मागून "बसा" म्हणालं. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. आईनं काकांच्या कोटाची बाही धरून हलकेच खाली ओढली, आणि ते बसले.

कारकुनानं कोट चढवला आणि दार उघडलं. पलीकडे जिना होता. त्या जुन्या, घासलेल्या प्रतीत तिथे नुसता काळोख दिसायचा. आता पायऱ्या दिसत होत्या, आणि तो त्या उतरत होता. मग धुकं. मग बोट. त्याचा हात छातीवर गेला आणि दुसरं बटण जवळून दिसलं, फुलीचा टाका, पांढरा दोरा, सभागृहाच्या अर्ध्या भिंतीएवढा.

काका बराच वेळ त्याकडे बघत राहिले. बटण पडद्यावरून गेलं तरी बघत राहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "टाका बरोबर आहे." पुढचं त्यांनी हात मांडीवर ठेवून, न हलता पाहिलं. दोन कप आले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्यानं पाहवलं नाही.

आम्ही घरी आलो. आईनं चहा टाकला. काका दुकानातल्या टेबलाशी कोट न काढताच बसले. आई कप घेऊन आली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

मला वाटलं ते मला विचारताहेत. मी तोंड उघडलं, तर आईच म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. आमच्या गावी आधी लागला होता. तिथे नीट दाखवला होता."

आईनं ही गोष्ट बत्तीस वर्षांत कुणालाच सांगितली नव्हती, मलासुद्धा नाही. बाराव्या खेळाहून परत येताना ज्या नव्या नवरीला दोघे भाऊ हातवारे करून शेवट समजावत होते, तिला तो ठाऊक होता, आणि ती माना डोलावत चालली होती.

"बोलली का नाहीस?" काकांनी विचारलं.

"तेव्हा तुम्ही दोघं इतके खुशीत होता. नवीन होते मी. आणि मग हे गेल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार होते, दादा?"

काकांनी मान हलवली. मग टेबलाचा खण उघडून प्रतिज्ञापत्र काढलं, घड्या हातानं सपाट केल्या आणि इस्त्री लावावी तसा वरून तळवा फिरवला. मला म्हणाले, "सुई, पेन आण. शेवटचं पाहिलं तेव्हाचे कपडे, असं कुठे लिहिलंय यात?"

मी बोट ठेवून दाखवलं. 'काळा कोट,' एवढंच होतं. तक्रारीत त्यांनी तेव्हा जे सांगितलं तेच इथे उतरवलेलं.

"पोलिसांनी तेव्हा विचारलं होतं, काही खूण आहे का," काका म्हणाले. "मी नाही म्हणालो. खूण कशासाठी विचारतात ते मला कळत होतं." मग त्या ओळीवर बोट टेकवून ते म्हणाले, "लिही. दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं. फुलीचा टाका."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, पूर्ण नाव, कोटाच्या आत गिऱ्हाइकाचं नाव घालतात तशी सावकाश, आणि कागद आईकडे सरकवला.

आईनं वाचला. त्या ओळीशी आली आणि थांबली. चोवीस वर्षांत तिला रडताना मी दोनदा पाहिलंय, आणि हे तिसऱ्यांदा नव्हतं. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"हे निघाले त्या दिवशी तुम्ही पांढरा दोरा ओवलात ना," ती म्हणाली, "तेव्हा मी या दारात उभी होते. अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. दादा, आज काळा लावा. एवढंच म्हणायचं होतं."

टेबलावर दोन्ही रंगांची रिळं होती. तेव्हाही असणार, ती तिथेच असतात. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणाली असतीस," ते म्हणाले, "तर लावला असता गं."